समुद्राला तळ आहे!

आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीवृंदावनापुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याची बी जिभेला लावतात. तोंड चांगले कडूजहर झाले म्हणजे मग पोहे, मग फराळ. लहानपणी मला ही चाल म्हणजे थोरांचा दुष्टपणा वाटे. आता वाटते, वर्षातून एकदा कडू चाखून मग गोडाला बसावे, यात मोठेच शहाणपण आहे.

हे आठवण्याचे कारण असे की, या अंकाच्या संपादकांनी मला कळवले, "तुम्ही समुद्राकाठचे. समुद्रावर काहीतरी खुसखुशीत लिहा." खुसखुशीतपणा हा चकलीचा गुण, तो या अंकात इतरत्र भरपूर असेलच. मी मात्र कारीट घेऊन आलो आहे. वाचकांनी ते फोडावे, एक बी जिभेला लावावी आणि मग खुशाल पुढच्या पानावरच्या विनोदी कथेकडे वळावे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. समुद्राला तळ आहे. तो तळ जिवंत आहे. आणि मासळी धरण्याच्या नावाखाली आपण तो वर्षानुवर्षे खरवडून काढीत आहोत. आपण म्हणजे केवळ मच्छीमार नव्हेत. ताटात कोळंबीचे कालवण वाढून घेणारे तुम्ही आणि मीसुद्धा.

हे सांगणारा मी कोण? मी शास्त्रज्ञ नाही. जुन्या भाषेत सांगायचे तर मी नुसता मॅट्रिक. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि मालवण तालुक्यातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, तीन छापूनही आल्या. जातीने गाबीत, म्हणजे पिढीजात दर्यावर्दी. तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला पदवीने मिळालेला अधिकार शून्य आहे. जन्माने मिळालेला थोडासा आहे.

गेल्या साली सातवीच्या वर्गाला मी चित्राचा विषय दिला, 'समुद्राचा तळ'. नेहमीचा विषय 'समुद्रकिनारा'. त्यात पोरांचे हात बसलेले असतात: वर सूर्य, मधे शिडाची होडी, कडेला वाकडा माड. आता शिडाची होडी या पोरांपैकी एकानेही प्रत्यक्ष पाहिलेली नाही, ती गोष्ट वेगळी. तळ म्हटल्यावर वर्ग गोंधळला. तास संपता संपता चाळीस कागद माझ्या टेबलावर आले. त्यांत जलपऱ्या होत्या, सोन्याच्या मोहरांनी भरलेला पेटारा होता, बुडालेले जहाज होते. तळ म्हणून बहुतेकांनी कागदाच्या खालच्या कडेला एक पिवळी पट्टी ओढली होती. एकाच पोराचा कागद निराळा होता. त्यात दगडाला चिकटलेले स्पंज होते, पंखासारखी पोवळी होती, तारामासे, चपटी लेपी, शिंपल्या, खेकडे असा मोठा ढीग होता. मी विचारले, "हे तू कुठे पाहिलेस?" तो म्हणाला, "बोटीवर, सर. जाळी वर घेतल्यार असांच सगळां पडता."

त्याचा बाप ट्रॉलरवर खलाशी आहे. चाळीस मुलांत तळ पाहिलेला हा एकच. आणि त्याने पाहिला तोही उपटून बोटीच्या फळीवर टाकलेला! या प्रकरणाची सारी मेख इथे आहे. जंगल तुटले तर बोडका डोंगर रस्त्यावरून दिसतो. नदी आटली तर पात्रातली वाळू दिसते. समुद्राचा तळ मोडला तरी वरचे पाणी तसेच निळे राहते, सूर्य तसाच मावळतो, आणि पर्यटक तशीच छायाचित्रे काढतात.

पोरांना तरी का हसावे? माझ्या तिन्ही कादंबऱ्यांत समुद्र आहे. तो गर्जतो, खवळतो, पौर्णिमेला चमकतो, नायिकेच्या दुःखात सहभागी होतो. तळ मात्र एकाही पानावर नाही. आम्हा लेखकांचा समुद्र हा वरवरचाच. तेव्हा हा लेख म्हणजे थोडे प्रायश्चित्तही आहे.

तर या तळावर असते काय? आमच्या किनाऱ्यालगत बराचसा चिखल आणि वाळू, मधेमधे खडक. चिखल म्हणजे मेलेली माती, असे तुम्हाला वाटेल. वस्तुतः त्यात अळ्यांसारखे असंख्य किडे बिळे करून राहतात. शेतात गांडूळ जे काम करते तेच हे इथे करतात. त्यांच्या बिळांतून पाणी व प्राणवायू खाली जातो, वरून पडलेला कुजका पाला, मेलेले जीव यांचे खत होते. शिंपल्या पाणी गाळतात. स्पंज आणि पोवळी म्हणजे तळावरची झुडपे. त्यांच्या आडोशाला माशांची पिल्ले मोठ्या माशांपासून लपतात. माकुल, म्हणजे तुमच्या हॉटेलातले कॅलमारी, आपली अंड्यांची लोंबरे तळावरच्या अशाच आधारांना चिकटवते. सारांश, वर पोहणाऱ्या मासळीचे बाळंतघर, पाळणाघर आणि कोठीघर खाली आहे.

आता ट्रॉलरचे जाळे कसे चालते ते पाहा. हे जाळे म्हणजे एक प्रचंड नरसाळे. त्याच्या तोंडाच्या दोन बाजूंना दोन वजनदार फळ्या असतात. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर सरतात आणि जाळ्याचा जबडा उघडा ठेवतात. त्या तळावरून घासत जातात आणि मागे चाकोरी पडते. जबड्याच्या खालच्या ओठाला वजनाची दोरी किंवा साखळी. ती तळाला घासली म्हणजे चिखलात दडलेली कोळंबी दचकून वर उडते आणि थेट जाळ्यात जाते. शेवटी असते बारीक आसांची खोळ. तीत जे शिरते ते बाहेर पडत नाही. अशा रीतीने बोट ताशी दोन-तीन सागरी मैलांच्या चालीने दोन-तीन तास हे धूड ओढते, वर घेते, रिकामे करते आणि पुन्हा सोडते. दिवसाही आणि रात्रीही.

वर आलेल्या ढिगात कोळंबी किती? पुष्कळदा मूठभर. बाकी सगळे त्या पोराच्या चित्रातले. विकण्याजोगी मासळी वेचून घेतात. बोटाएवढी पिल्ले, तारामासे, रिकाम्या शिंपल्या यांतले काही मेल्यावर समुद्रात परत फेकतात आणि काही कारखान्यांसाठी राखतात. तिथे वाळवून दळून त्यांचे पीठ होते आणि ते कोंबड्यांच्या व तळ्यांतल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. उद्याचा सौंदाळा आज कोंबडीच्या पोटात!

माझा हा आक्रस्ताळेपणा वाटत असेल तर शास्त्रज्ञांचा आकडा देतो. 2017 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा एक ताळेबंद प्रसिद्ध झाला. आपल्याकडे वापरतात त्या फळ्यांच्या ट्रॉलचा त्यात हिशेब आहे. हे जाळे तळावरून एकदा फिरले की सरासरी 2.4 सेंटिमीटर खोल जाते आणि तळावरच्या जीवांपैकी सुमारे 6 टक्के नाहीसे करते. तळ ओढणाऱ्या साधनांत हेच सगळ्यांत सौम्य ठरले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सहा टक्के! ट्रॉलरवाल्यांचे वकील हा आकडा ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतील. पण चक्रवाढ व्याज मॅट्रिकपर्यंत मीही शिकलो आहे. हे चक्रवाढ उलटे चालते, इतकेच. शंभर जीव असलेल्या जागेवरून जाळे एकदा गेले, चौऱ्याण्णव उरले. तेवढ्याच काळात दहा वेळा गेले, चोपन्न उरले. वीस वेळा गेले, एकोणतीस. आणि जाळे एखाद्या जागी एकदाच फिरवून कोणी पुढे जात नाही. जिथे कोळंबी लागते तिथेच सगळ्या बोटी पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात. त्याच ताळेबंदात असेही आहे की, निम्म्यावर आलेला तळ जवळजवळ पूर्ववत व्हायला साधारण दोन ते साडेसहा वर्षे लागतात. आपण त्याला किती विसावा देतो? पावसाळ्यातले सुमारे दोन महिने! तो काळ माशांच्या विणीला उपयोगी पडतो, याबद्दल वाद नाही. पण मोडलेले पोवळे दोन महिन्यांत उगवत नाही.

कोणी म्हणेल, हे आजकालच्या पर्यावरणवाल्यांचे खूळ. त्यांच्यासाठी साडेसहाशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. 1376 साली इंग्लंडच्या पार्लमेंटात तिसऱ्या एडवर्ड राजापुढे मच्छीमारांच्या वतीने एक अर्ज आला. काही लोकांनी एक नवेच जाळे काढले आहे, त्याचे लोखंड समुद्राच्या तळावर इतके जड चालते की पाण्याखालची वनस्पती आणि कालवांची पिल्ले नाश पावतात, असे त्यात गाऱ्हाणे होते. आस इतके बारीक की लहानातला लहान मासा सुटत नाही. आणि एवढे मासे सापडतात की त्यांचे काय करावे ते न कळून लोक ते डुकरांना घालतात, अशीही तक्रार होती. वाचकहो, डुकराच्या जागी कोंबडी घाला आणि हा अर्ज आज आमच्या तहसील कचेरीत द्या. एक काना-मात्रा बदलावी लागणार नाही.

मग आपल्याकडे हे आले कसे? कोणी राक्षसाने आणले नाही. चांगल्या हेतूने आले. 1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि पुढल्या वर्षी केरळात कोल्लमजवळ यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. गरीब मच्छीमाराला इंजिन द्यावे, त्याचे हाल कमी करावेत, हा हेतू. पुढे कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव आहे असे कळले आणि गरिबाचे इंजिन कोळंबीमागे धावू लागले. ट्रॉलरची ही लाट मग पश्चिम किनाऱ्याने वर सरकत आमच्याकडे आली.

आमच्या घरी ती आली माझ्या थोरल्या भावाच्या रूपाने. बाबा रापणीचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे गावाचे जाळे. चाळीसेक माणसे दोरावर, आणि मिळकतीच्या वाटण्या ठरलेल्या. दादाने 1990च्या सुमारास एका ट्रॉलरमध्ये पाती घेतली. बाबांनी विरोध केला. ते अडाणी होते. किडे, प्राणवायू यांतले त्यांना काही ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणाले, "दर्याक दार नाय, पण उंबरो आसा. तेच्यार पाय देव नये." उंबरा म्हणजे किनाऱ्यालगतचे दहा वावांच्या आतले उथळ पाणी. दहा वाव म्हणजे साठ फूट. पिल्ले वाढतात ती त्याच पट्ट्यात. दादाने पाय दिला. सुरुवातीची वर्षे घरात पैसा खेळला. नवे छप्पर झाले, बहिणीचे लग्न झाले, आणि माझी चित्रकलेच्या वर्गाची फीही भरली गेली. आज मी ट्रॉलरविरुद्ध तोंड उघडले की दादा एकच वाक्य टाकतो, "तुझ्या फीचे पैशे खयसून इले, इसारलंस?"

विसरलो नाही. म्हणून तर लिहितो आहे. ज्या खडूने मी फळ्यावर मासा काढतो तो खडू तळाच्या पैशाचा आहे, हे मला ठाऊक आहे. तो पैसा व्याज नव्हता, मुद्दल होते. आम्ही मुद्दल खाल्ले. दादाची बोट पुढे कर्जात गेली. जिथे तीन तासांत खोळ भरायची तिथे सहा तास ओढूनही डिझेलचा खर्च निघेना.

मुद्दल कसे संपते याचा एक दाखला मुंबईच्या पाण्यातला आहे. तिथे वाळूत राहणारी, चपट्या डोक्याची एक शेवंड मिळत असे. ट्रॉलर तळ ओढू लागले तशी ती भरपूर सापडू लागली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे चांगले दिवस होते. ही शेवंड संथ, तळ न सोडणारी. मादी अंड्यांचा घोस पोटाखाली घेऊन फिरते. जाळ्याने आई आणि अंडी एकदमच उचलली. 1994 पर्यंत तिची मासेमारी संपली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा ऱ्हास लिहून ठेवला आहे. बारा-पंधरा वर्षांत उदय आणि अस्त! आज मुंबईतल्या किती तरुणांना ही शेवंड ठाऊक असेल?

आता विरुद्ध पक्षाचे मुद्दे घेतो. कारण त्यांचे ऐकून न घेता निकाल देणे हे मास्तरच्या धंद्याला शोभत नाही.

पहिला मुद्दा: समुद्र अथांग आहे, तो संपत नाही. हे मोठमोठ्या पंडितांनीही म्हटले आहे. 1883 साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सले या नामांकित शास्त्रज्ञाने मोठ्या सागरी मासेमारी न संपणाऱ्या आहेत असे सांगितले, आणि उदाहरणांत कॉड माशाचे नाव घेतले. त्यानंतर 109 वर्षांनी, 1992 साली, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली. अवाढव्य ट्रॉलरनी ती संपवली होती. सुमारे 30 हजार माणसे एका फटक्यात बेकार झाली. थोड्या काळासाठी म्हणून घातलेली ती बंदी उठायला 2024 साल उजाडले. एक अख्खी पिढी!

दुसरा मुद्दा मोठा गमतीचा आहे. एका पुढाऱ्यांनी आमच्याकडच्या सभेत सांगितले, "ट्रॉलर म्हणजे समुद्राचा नांगर! तळ ढवळला की खत वर येते आणि मासळी वाढते." टाळ्याही पडल्या. माझ्या शेजारी एक म्हातारे रापणकर बसले होते. ते हळूच म्हणाले, "नांगरल्यार पेरूक लागता. ह्ये पेरतत काय?" याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. शेतकरी स्वतःचे शेत नांगरतो, हंगामात नांगरतो, नांगरल्यावर पेरतो, आणि पेरल्यावर त्यावर नांगर फिरवीत नाही. वादळवाऱ्याने सदा हलणारी उथळ वाळू असेल तर ती ओढाताण लवकर सोसते, हे खरे. पण स्पंजांचा, पोवळ्यांचा खडकाळ तळ म्हणजे शेत नव्हे. ती राई आहे. राई नांगरणाऱ्याला आपण शेतकरी म्हणतो का? 2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. उत्तम झाले. आता शेतीचा पहिला नियमही लागू करावा: जमीन राखली तर पीक!

तिसरा मुद्दा: तुमची रापण काय आकाशातून येते? तीही तळ घासतेच. कबूल. रापण वाळू घासत येते, पिल्लेही तिच्यात सापडतात. पण ती माणसाच्या बळाने ओढतात, वाळूच्या एका पट्ट्यात ओढतात, आणि माणसे थकली की ती थांबते. इंजिन थकत नाही. फरक आहे तो एवढाच, आणि एवढाच पुरेसा आहे.

चौथा मुद्दा: हे सगळे परराज्यांतल्या बोटी करतात. त्या वेगवान बोटी आमच्या हद्दीत घुसतात, आमच्या लोकांची जाळी तोडतात, याचा संताप मलाही आहे. पण तळाला कोणाची बोली कळत नाही. कानडी फळीने पडलेली चाकोरी आणि मराठी फळीने पडलेली चाकोरी सारखीच खोल असते. परक्याच्या नावाने शंख करणे सोपे. आपल्याच बंदरात बांधलेल्या बोटीकडे बोट दाखवायला घरातले भांडण पत्करावे लागते.

पाचवा मुद्दा: कायदा आहे ना! आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 सालचा. पाच वाव, दहा वाव अशी खोली ठरवून त्याखाली उथळ पाण्यात ट्रॉलरना मनाई आहे. 2021 साली दंड वाढवले. 2023 साली 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा धरू नये. 2025 पासून आकाशातून ड्रोन फिरतात. यातले प्रत्येक पाऊल स्तुत्य आहे. पण नीट पाहा, हा सगळा कायदा वरून पाहतो. ड्रोनला बोट दिसते, तळ दिसत नाही. ज्याला बाजार आहे त्या माशाची लांबी ठरते. ज्या किड्यावर, ज्या स्पंजावर तो मासा जगतो त्याला बाजार नाही, म्हणून त्याला कायद्यात लांबीही नाही आणि जागाही नाही. दरवर्षी किती टन मासळी बंदरावर उतरली याचे आकडे प्रसिद्ध होतात; किती तळ उजाड झाला याचा रकाना त्यात नसतो. घरातली लाकडे जाळून चूल किती छान पेटली याची नोंद ठेवावी, तसला हा हिशेब!

सहावा मुद्दा सगळ्यांत जड आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. पोटाचा प्रश्न. ट्रॉलरवरचा खलाशी श्रीमंत नाही. पुष्कळ बोटींवर नेपाळातली पोरे राबतात; समुद्र न पाहिलेल्या मुलखातून ती पोटासाठी येतात. मालकही कर्जात असतो. उद्या सकाळी ट्रॉलर बंद म्हटले तर ही माणसे खाणार काय? पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही विचारा. तळ संपला तर ती खाणार काय? आणि ट्रॉलर न चालवणारे रापणकर, गळकरी, डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या आमच्या मावश्या, यांना पोट नाही का?

मार्ग आहे आणि तो इतरांनी चालून दाखवला आहे. हाँगकाँगने 31 डिसेंबर 2012 पासून आपल्या पाण्यात ट्रॉलिंग बंद केले. नुसता हुकूम सोडला नाही. ट्रॉलरवाल्यांना भरपाई दिली, बोटी विकत घेतल्या, खलाशांनाही मदत केली. त्यानंतरच्या पाहण्यांत तळावरचे जीवन सावरू लागल्याचे दिसले. इंडोनेशियाने 1980 सालीच जावा-सुमात्राच्या पाण्यात ट्रॉलरना मनाई केली, श्रीलंकेने 2017 साली. यांपैकी इंडोनेशिया आणि श्रीलंका हे काही फार श्रीमंत देश नव्हेत.

पैसा कुठून आणावा? तो आजही खर्च होतोच आहे. यांत्रिक बोटींना सरकार डिझेलवर परतावा देते. म्हणजे तळ खरवडायला जाणाऱ्या इंजिनाच्या तेलात तुमच्या-माझ्या कराचे पैसे आहेत. तोच परतावा ट्रॉल सोडून गळ, दालदी, कांडाळी अशा साधनांकडे वळणाऱ्याला दुपटीने द्या. जो बोट मोडायला तयार होईल त्याला रोख किंमत द्या. माझ्या दादासारखे कितीतरी कर्जबाजारी पातीदार त्या रांगेत पहिले उभे राहतील, हे मी भावाच्या नात्याने सांगतो.

आणि एक मागणी कोकणच्या माणसाची म्हणून. आमच्याकडे गावोगाव देवराई असते. तिथली काडी कोणी तोडत नाही. वाळके लाकूडही घरी नेत नाही. सारा डोंगर बोडका झाला तरी ती हिरवीगार असते, आणि गावचा झरा बहुधा तिच्याच पोटातून निघतो. समुद्राच्या तळाशी अशा देवराया हव्यात. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, 29.12 चौरस किलोमीटरचे. पण नकाशावर रेघ ओढताना मच्छीमाराला जवळ बसवले नाही, तेव्हा त्याने ते आपले मानले नाही. देवराई वनखात्याने राखलेली नाही, गावाने राखली आहे. तेव्हा रापणकर, गळकरी, ट्रॉलरवाले यांना एकत्र बसवून गावागावाने आपल्यापुढचा एकेक तुकडा राखावा: इथे फळी नाही, साखळी नाही, कधीच नाही. विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे आंग्रिया नावाचे बुडीत पठार आहे. त्यावर पोवळ्यांची वसाहत आहे. आंग्र्यांच्या नावाची ती जागा तरी शाबूत राखण्याची हिंमत आपल्यात असावी.

सरकारचे झाले. आता तुमचे. मासळी बाजारात आपण दोन प्रश्न विचारतो: "ताजी आहे का?" आणि "कशी दिली?" यंदाच्या दिवाळीपासून तिसरा विचारा: "कशात धरली?" मावशीला ते ठाऊक असते, रापणीचा बांगडा असला तर ती न विचारताही अभिमानाने सांगते. बोटाएवढी पिल्ले वाट्यावर मांडली असतील तर घेऊ नका, कितीही स्वस्त असोत. पोटाखाली अंडी असलेली शेवंड घेऊ नका. आठवड्यातून तीनदा कोळंबी होत असेल तर एकदा करा. एवढ्याने समुद्र वाचणार नाही, हे मला कळते. पण गिऱ्हाइकाने विचारायला सुरुवात केली की विकणारा विचारू लागतो, आणि मग बोटीपर्यंत प्रश्न पोचतो.

बलिप्रतिपदेला आपल्या आयाबहिणी म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. त्या बळीला वामनाने पाताळात ढकलले, पण तिथले राज्य त्याला दिले, अशी कथा आहे. म्हणजे पाताळ हे ओसाड ठेवायचे नव्हे, राज्य करण्याजोगे ठिकाण होते. आज तो खालून वर आला आणि त्याने विचारले, "माझ्या राज्याचे काय केलेत?" तर त्याला दाखवायला आपल्याजवळ काय आहे? मासळीच्या पिठाची पोती.

हा अंक माझ्या दादाच्या हाती पडेल. तो लेख वाचील, चिडेल, आणि भाऊबीजेला बहिणीकडे भेट होईल तेव्हा फीचे पैसे पुन्हा काढील. काढू दे. आम्ही दोघे एकाच ताटात जेवून वाढलो. हे भांडणही एकाच पंक्तीला बसून करू. बहिणीला मी निरोप धाडला आहे, की यंदा कोळंबी करू नकोस. रापणीचे बांगडे मिळाले तर बघ.